ले-आउटच्या आधी भूजल सर्वे करून घेतला: धुळ्याजवळच्या साडेतीन एकराचा अनुभव, ५ पैकी ४

एक स्टार का कापला ते खाली सांगतोच, पण ज्यांची शेतजमीन शहराच्या कडेला आलीये आणि घरात प्लॉट पाडायच्या गोष्टी चालू झाल्यात त्यांच्यासाठी पहिलं वाक्य हेच की हे काम करून घ्या आणि आर्किटेक्टकडे नकाशा द्यायच्या आधी करून घ्या, नंतर नाही. आम्ही थोडं उशिरा केलं, कच्चा नकाशा तयार झाला होता, त्यामुळे तो पूर्ण बदलावा लागला आणि घरात दोन महिने कोणी कोणाशी नीट बोलत नव्हतं.

जमीन आमची साक्री रोडने आत, साडेतीन एकर, तिघा चुलतभावांची सामाईक. मधोमध आजोबांची विहीर. ७२ च्या दुष्काळात ती अजून खोल केली तेव्हा माझे मोठे काका, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, स्वतः सुरुंगाची भोकं पाडायला खाली उतरलेले. आज ते ८१ चे आहेत. शेजारच्या वस्तीवरची दहा-बारा घरं अजूनही हिचंच पाणी पितात, मे महिन्यात सुद्धा. प्लॉटिंगचा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा आबा एवढंच बोलले, "पहिले इहीर दखा, मंग प्लॉट पाडा." आम्ही तेव्हा मनावर घेतलं नाही.

मी मनावर घेतलं ते माझ्या स्वतःच्या अनुभवामुळे. २०१४ ला मी शहराच्या दुसऱ्या बाजूला एका ले-आउटमध्ये ३० बाय ४० चा प्लॉट घेऊन घर बांधलं. तिथे सगळ्यांची पद्धत एकच, घरासमोर बोअर, घरामागे सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. पहिली तीन-चार वर्षं पाणी गोड होतं. मग घरं भरत गेली, आणि एका पावसाळ्यात मिसेस म्हणाली की डाळ शिजत नाहीये, भांड्यांवर पांढरा थर बसतोय, आणि सकाळी पहिली बादली काढली की वास येतो. पाणी तपासून घेतलं तर नायट्रेट, म्हणजे मैल्याच्या सांडपाण्यातून पाण्यात उतरणारा क्षार, ७१ आलं. पिण्याच्या पाण्याच्या मानकात ते प्रति लिटर ४५ मिलिग्रॅमपर्यंतच चालतं आणि त्यात सवलत नाही. वर जंतूंची टेस्टही फेल. मुलगी तेव्हा सात महिन्यांची होती आणि आम्ही तेच पाणी उकळून तिच्या दुधात टाकत होतो. उकळून जंतू मरतात पण नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यावर थोडं वाढतंच, आणि तान्ह्या बाळाच्या रक्तातली ऑक्सिजन वाहायची ताकद त्याने कमी होते. हे मला डॉक्टरांनी सांगितलं तो दिवस मी विसरू शकत नाही. मुलगी ठणठणीत आहे, पण त्या दिवसापासून आमच्या घरात जार येतो.

म्हणून घरच्या जमिनीचा विषय निघाला तेव्हा मी हट्ट धरला की आधी पाण्याचा माणूस आणायचा. ओळखीतून धुळ्यातले हे सल्लागार मिळाले, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक, दोन पोरं हाताशी. फी ४५ हजार, पाणी तपासणीचे पैसे वेगळे. भावाला फार वाटली, कारण बोअरवाले पॉइंट फुकट काढून देतात. तोच तर फरक आहे भाऊ, बोअरवाल्याला बोअर मारायचा असतो. यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की मी बोअरचा पॉइंट काढायला आलेलो नाही, तुमची विहीर वाचवायला काय करावं लागेल ते सांगायला आलोय.

काम तीन दिवस चाललं. पहिल्या दिवशी एकही मशीन बाहेर काढलं नाही. आधी आबांसोबत दीड तास बसले, कोणत्या साली पाणी कुठपर्यंत गेलं, झरे कोणत्या बाजूने येतात, कोणती विहीर आधी आटते, सगळं लिहून घेतलं. मग आमची आणि आजूबाजूची मिळून सात विहिरी फिरले, प्रत्येकीत टेप सोडून पाण्याची पातळी घेतली आणि काठाची उंची लेव्हल मशीनने मोजली. आमच्या विहिरीवर आल्यावर आरशाने ऊन आत पाडलं आणि भिंत वरून खाली वाचत गेले. वर दोन फूट काळी माती, मग बारा-तेरा फूट पिवळा मुरूम, खाली भेगांचा फुटका खडक आणि त्याच्या तळाशी उत्तरेच्या बाजूने दोन झरे, मग काळा अखंड पाषाण. मी चाळीस वर्षं त्या विहिरीत वाकून बघतोय, पण असं कधी बघितलं नव्हतं. झऱ्याच्या खाली खडकावर हिरवा ओला पट्टा होता, त्याच्याकडे बोट करून म्हणाले की तुमचं सगळं पाणी ह्या एवढ्या हातभर थरातून येतंय.

दुसऱ्या दिवशी चार सळ्या जमिनीत ठोकून, वायरी लांब लांब नेत रेझिस्टिव्हिटी घेतली, म्हणजे जमिनीत वीज सोडून खालचा कोणता थर तिला किती अडवतो ते मोजलं. तिसऱ्या दिवशी विहिरीवर पंप लावून तीन तास उपसा केला आणि मग बंद करून पाणी किती वेळात किती चढतं ते रात्री साडेदहापर्यंत मोजलं. मे महिना होता, गरम हवा चालू होती, पोरं टेप धरून काठावर बसून होती. ह्या कष्टाचे मी पूर्ण मार्क देतो.

आता खरी गोष्ट. आमच्या शेतात खालच्या बाजूला काळ्या दगडाची एक रांग आहे, पूर्व-पश्चिम, कमरेएवढी वर आलेली, आम्ही लहानपणापासून तिला भिंत म्हणतो आणि बांधासारखी वापरतो. कच्च्या नकाशात ९ मीटरचा रस्ता बरोबर तिच्यातून काढला होता, ब्रेकर लावून फोडायची आणि रस्त्यासाठी पाया खोल घ्यायचा. सल्लागारांनी ती बघितली आणि तिथेच थांबले. ही डाईक आहे म्हणाले. आपल्या धुळे-नंदुरबारकडे अशा शेकडो आहेत, जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वर येऊन उभाच्या उभा थिजला त्या ह्या भिंती, आणि भूगर्भशास्त्रात हा भाग त्यासाठीच नावाजलेला आहे. काही डाईक फुटक्या असतात, त्यांच्यातून पाणी वाहतं, काही घट्ट असतात, त्या पाणी अडवतात. आमची घट्ट निघाली. वरच्या बाजूच्या विहिरींची पातळी आणि रांगेच्या खालच्या विहिरीची पातळी यात एकदम मोठी पायरी आली. म्हणजे मे महिन्यात आमच्या विहिरीत पाणी राहतं ते ह्या जमिनीखालच्या धरणामुळे, आणि आम्ही ते धरण रस्त्यासाठी फोडणार होतो. आबा बाजूलाच उभे होते, काही बोलले नाहीत, खाली वाकून त्या दगडावर हात फिरवला फक्त.

दुसरी गोष्ट हिशोबाची, आणि ती मी सगळ्यांना सांगतो कारण ती कोणालाही स्वतःच्या जमिनीसाठी करता येते. ६२ प्लॉट, घरात पाच माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोजचे ४१,८५० लिटर. साडेतीन एकर म्हणजे सुमारे १४,१६० चौरस मीटर, आपल्याकडे वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटर धरला तर पूर्ण जमिनीवर पडणारं पाणी झालं साधारण ७८ लाख लिटर. थेंबनथेंब मुरला तरी सहा महिनेच पुरेल. आणि तो मुरत नाहीच. भूजलाचा अंदाज काढायच्या सरकारी पद्धतीत आपल्यासारख्या झिजलेल्या काळ्या खडकात पावसाचा ७ टक्के भाग मुरतो असं धरतात. म्हणजे साडेपाच लाख लिटर. तेरा दिवसांचं पाणी! तेरा दिवस आमच्या पावसाचं, आणि बाकीचे साडेअकरा महिने शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जमिनीखालून ओढायचं. उपसा चाचणीत विहिरीची मे मधली ताकद दिवसाला २२ हजार लिटर निघाली, त्यातलं वस्तीवर जातं ते वेगळंच. ६२ घरांनी ६२ बोअर मारले असते तर ती दहा-बारा घरं पहिल्याच उन्हाळ्यात टँकरवर गेली असती.

तिसरी गोष्ट घाणीची. पाण्याच्या स्रोतापासून शोषखड्डा कमीत कमी १८ मीटर लांब पाहिजे, हे भारतीय मानकात लिहिलेलं आहे. १८ मीटर म्हणजे ५९ फूट. आता ३० बाय ४० चा प्लॉट घ्या, त्याचा कोपऱ्यापासून कोपरा ५० फूट भरतो. म्हणजे बोअर एका कोपऱ्यात आणि खड्डा समोरच्या कोपऱ्यात घेतला तरी नियम पाळताच येत नाही, आणि मागच्या शेजाऱ्याचा खड्डा तर त्याहून जवळ. हे ऐकून मला माझं जुनं घर आठवलं, तिथे सगळे एकमेकांना दोष देत होते पण दोष त्या आखणीतच होता. शिवाय १८ मीटर हे मातीत, मुरमात ठीक आहे, तिथे पाणी हळूहळू गाळलं जातं, जंतू वाटेतच मरतात. आपल्या फुटक्या खडकात भेग सापडली की पाणी सरळ पळतं, गाळणी नाहीच. आणि नायट्रेट तर मातीतही मरत नाही.

कच्च्या नकाशात शोषखड्डे बहुतेक सगळे विहिरीच्या उत्तरेला, म्हणजे झरे ज्या बाजूने येतात त्याच बाजूला होते. मुद्दाम कोणी केलं नव्हतं, उत्तरेचे प्लॉट रस्त्याला लागून आणि महाग म्हणून आधी पाडले होते, एवढंच.

रिपोर्टनंतर काय काय बदललं ते सांगतो. रस्ता रांगेच्या टोकाला वळसा घालून नेला. दहा टक्के ओपन स्पेस सोडावाच लागतो, आमचा १,४१६ चौरस मीटर येतो, तो आधी कोपऱ्यात तिरक्या तुकड्यात ढकलला होता, कारण तो तुकडा विकला जाणार नव्हता. आता तो विहिरीभोवती आहे. विहिरीच्या चारी बाजूंनी २० मीटर सोडले तर साडेबाराशे चौरस मीटर लागतात, म्हणजे कायद्याने जे सोडायचंच होतं त्यातच विहीर सुरक्षित झाली. हा सल्ला एकटा ४५ हजारांचा आहे असं मी म्हणेन. शोषखड्डा एकाही घराला नाही. सेप्टिक टँकमधून निघणारं पाणी बंद पाइपने रांगेच्या खालच्या बाजूला, तिथे खडी-वाळूचा वाफा आणि त्यात कर्दळ, तिथून झाडांना. त्यासाठी आणि रस्त्याच्या वळणासाठी चार प्लॉट गेले, ६२ चे ५८ झाले. खाजगी बोअर बंद, ही अट प्रत्येक खरेदीखतात टाकणार. छताचं पाणी मात्र प्रत्येक घराचं मुरवायचं. ७० चौरस मीटरचं छत धरलं आणि थोडं वाया गेलं तरी वर्षाला तीस हजार लिटर, ५८ घरांचं जवळपास साडेसतरा लाख, म्हणजे निसर्ग जेवढं मुरवतो त्याच्या तिपटीहून जास्त. नियमात पाऊसपाण्याची सक्ती ५०० चौरस मीटर आणि वरच्या भूखंडांना आहे, आमचे प्लॉट १११ चे, त्यामुळे घरांवर कोणी सक्ती करणार नव्हतं. आम्हीच करतोय. फक्त छताचंच पाणी, तेही पहिल्या पावसाचं सोडून आणि गाळून, रस्त्यावरचं ऑइल-पेट्रोलचं पाणी विहिरीच्या बाजूला अजिबात नाही.

आणि एक जुना फेल बोअर होता शेतात, २०० फुटांचा, कोरडा, तोंडावर दगड ठेवलेला. घर बांधताना सांडपाणी त्यात सोडून देऊ, खर्च वाचेल, असं घरातल्याच एकाने सुचवलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, गावोगावी लोक हेच करतात. सल्लागार एरवी शांत माणूस, पण यावर आवाज चढला त्यांचा. म्हणाले शोषखड्ड्यात निदान माती तरी मध्ये असते, हा तर घाण सरळ खडकाच्या पोटात सोडायचा पाइप आहे. त्यांच्यासमोरच तो खाली खडी-वाळू, वर चिकणमाती आणि सिमेंटने बुजवून घेतला.

भावांचं सांगतो, कारण हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरात होणार आहे. चार प्लॉट म्हणजे किती लाख गेले हा प्रश्न आला आणि तो चुकीचा नाही, प्रत्येकाला मुलांची लग्नं, शिक्षणं आहेत. धाकटा म्हणाला शिरपूर पॅटर्नसारखं शेजारचा नाला खोल-रुंद करू, पाणी वाढेल, मग कशाला प्लॉट सोडायचे. सल्लागारांनी तो विषय उडवून लावला नाही. शिरपूरला सुरेश खानापूरकरांनी ते काम केलं, ते स्वतः भूवैज्ञानिक, खालचा खडक ओळखून केलं. आमच्या इथे नाला रांगेला कापून खोल केला तर साठवण व्हायच्या ऐवजी वरचं अडलेलं पाणीच निघून जाईल. हे त्यांनी जमिनीवर काडीने रेघा मारून समजावलं. धाकटा तेव्हा गप्प झाला, पण पूर्ण पटायला त्याला अजून महिना लागला. शेवटी आबांनी पांझरा नदीवरच्या फडाची, म्हणजे सगळ्यांनी मिळून पाणी वाटून घ्यायच्या जुन्या पद्धतीची गोष्ट काढली, धरणात पाणी किती आहे ते बघून मग कोणत्या फडात काय पीक घ्यायचं ते सगळे मिळून ठरवायचे, पीक आधी ठरवून पाणी शोधायला कोणी जायचं नाही. घरातल्या कोणाला भूजलाचा रिपोर्ट समजो न समजो, फड सगळ्यांना समजतो.

आता एक स्टार का कापला ते. रिपोर्ट तीन आठवड्यात देतो म्हणाले आणि सहा आठवडे लागले, मध्ये फोन उचलत नव्हते, मी दोनदा ऑफिसला जाऊन बसलो. त्या काळात आर्किटेक्टचं काम अडलं. दुसरं, ३४ पानी रिपोर्ट पूर्ण इंग्लिशमध्ये. ज्यांची विहीर आहे त्या आबांना वाचता येत नाही आणि वस्तीवरच्या एकालाही नाही. मी मागे लागल्यावर चार पानं मराठीत करून दिली, ती अतिशय चांगली झालीत, मग ती पहिल्याच दिवशी का नाही? तिसरं, त्यांचा नकाशा मोजणीच्या नकाशावर बसत नव्हता, स्केल वेगळं, त्यासाठी सर्वेअरला वेगळे चार हजार गेले. नगररचनाच्या फाइलला लागेल अशा पद्धतीने नकाशा द्या हे आधीच लिहून घ्या. खरेदीखतातल्या अटीचा मसुदा पण ते देत नाहीत, त्याला वकील पाहिजे.

कायद्याचं त्यांनी नीट समजावलं. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर परवानगीशिवाय घेता येत नाही हे १९९३ च्या कायद्यापासून आहे, आणि नंतर २००९ चा भूजल कायदा आला, २०१४ पासून लागू, त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे. आपल्याकडे सर्रास ३००-४०० फूट बोअर मारतात, ६० मीटर म्हणजे दोनशे फूटही नाही. एक सूचना, आमचा रिपोर्ट बघून स्वतःच्या जमिनीचे निर्णय घेऊ नका. माझी सासुरवाडी यावलकडची, तिथे सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचे जाड थर आहेत, पाऊस तिथेच मुरतो आणि खाली तापीकाठच्या केळीच्या पट्ट्याला पाणी तिथूनच जातं. तिथे डाईकचा प्रश्न नाही, तिथे पायथ्यालाच सिमेंट झालं तर काय हा प्रश्न आहे, आणि यावल-रावेरचं पाणी आधीच मुरतं त्याहून जास्त उपसलं जातंय. जमीन बदलली की उत्तर बदलतं.

सर्वेला बोलावणार असाल तर मे महिन्यातच बोलवा, पाणी सगळ्यात खाली असतं तेव्हाच खरं चित्र दिसतं. सात-बारा, मोजणीचा नकाशा आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस, तिन्ही हजर ठेवा. आजूबाजूच्या विहीरवाल्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, आमच्याकडे एकाने विहिरीला कुलूप लावलं होतं, अर्धा दिवस गेला.

नवा नकाशा मंजुरीला गेलाय. नळयोजनेची जोडणी मिळेपर्यंत एकही प्लॉट विकायचा नाही असं तिघांनी लिहून सह्या केल्यात, विहीर फक्त जोडीला राहील आणि वस्तीचं पाणी पहिलं. वस्तीवरच्या दोन पोरांना टेप आणि वही देऊन ठेवलीये, दर अमावास्येला पातळी मोजून लिहितात. मागच्या महिन्यात काठापासून साडेसहा मीटर खाली होती. मराठीतली चार पानं कोणाला बघायची असली तर जमिनीवर या, संध्याकाळी आबा विहिरीवरच असतात.